वाडींतील वांटेकरी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत एक दिवस आम्ही बोलावें असें समितीनें ठरविलें, तेव्हां आम्ही धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगूं अशी पुष्कळांची समजूत झाली असेल. तो इतिहास आमच्यापेक्षां वडीलधाऱ्या मंडळींनीं काल अधिक चांगला सांगितला. आम्ही आज निराळ्याच रहिवाशांविषयीं बोलणार आहों. त्यांचीं नांवें आपल्या नोंदवहींत नाहींत, त्यांची वर्गणी कधीं जमा होत नाहीं, आणि त्यांच्याविषयींच्या तक्रारी मात्र आमच्या दाराशीं दर आठवड्यास येतात. ते म्हणजे आपल्या वाडींत राहणारे पक्षी व इतर जीव होत.

"फादर, वाघळांनीं चिकूचें झाड साफ केलें." "फादर, पोपटांनीं एक पेरू धड ठेविला नाहीं." "फादर, पडवींत साप निघाला, आतां काय करावें?" अशा या तक्रारी आहेत. त्यांत यंदा पावसाळ्यानंतर एका सूचनेची भर पडली. देवळाच्या कुंपणाला लागून जें बावखल आहे तें बुजवावें व तेथें मोटारी उभ्या करण्यास जागा करावी, अशी ती सूचना आहे. ती समितीपुढें अद्याप निर्णयावांचून पडली आहे. तक्रारी व सूचना या दोहोंचें मूळ एकच आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून आज दोहोंचा एकत्र विचार करूं.

सेमिनरींत आम्हांस शिकवीत असत कीं, वादाचा निकाल देण्यापूर्वीं दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घ्यावें. येथें तर एक पक्ष खरोखरच पक्ष्यांचा आहे, आणि त्याला आपली बाजू मांडतां येत नाहीं. परंतु आम्हांस त्याची वकिली करावयाची नाहीं. हिशेब करावयाचा आहे. आपण वाडीवाले लोक. केळीच्या घडापासून मोगऱ्याच्या पुडीपर्यंत सर्वांचा हिशेब आपण ठेवितों. तसाच या वांटेकऱ्यांचाहि जमाखर्च मांडून पाहूं.

प्रथम हे वांटेकरी कोण तें ओळखून घेऊं. उन्हाळ्याच्या दिवसांत झुंजुमुंजू होण्यापूर्वींच दयाळ पक्षी माडाच्या शेंड्यावर बसून शीळ घालूं लागतो. उजाडतांच बुलबुल व साळुंक्या यांचा गलबला सुरू होतो. शिंजीर हा बोटाएवढा पक्षी केळफुलाच्या पाकळीखालीं चोंच घालून मध चाखीत असतो. शिंपी पक्षी मोठीं पानें शिवून त्यांत घर करितो. कोतवाल विजेच्या तारेवर पाहरा देतो. दुपारीं सर्व शांत झालें म्हणजे तांबटाचा टुकटुक आवाज ऐकूं येतो, आणि तांबडसर पंखांचा भारद्वाज कुंपणाच्या बुडाशीं सावकाश चालत असतो. बावखलाच्या कांठीं खंड्या व वंचक हे दोघे मासेमार आपआपल्या जागा धरून बसतात. खारी, सरडे व मुंगूस यांस तर आपण ओळखतोंच. दिवस मावळला कीं वाघळें निघतात, पिंगळा चिरकूं लागतो आणि माडीच्या मडक्यांत तोंड घालण्यासाठीं कांडेचोर माडावर चढतो. ही सारी वस्ती आपल्या घराच्या मागील दारापासून शंभर पावलांच्या आंत आहे.

आतां खर्चाची बाजू मांडूं, व ती लपवाछपवी न करितां मांडूं. पोपट खातो त्यापेक्षां नासतो अधिक. एक पेरू अर्धा टोंचून टाकावयाचा व दुसऱ्याकडे वळावयाचें, ही त्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. वाघळें पिकूं लागलेला चिकू व केळीं हेरून येतात. उंदीर माडावर चढून कोंवळे नारळ पोखरतात. मुंगूस संधि मिळाली तर कोंबडीचें पिलूं नेतें. विषारी सापाचा दंश तर प्राणावरच बेततो. ज्याचें पोट वाडीवर आहे त्याला हें नुकसान हंसण्यावारी नेतां येत नाहीं, आणि जो कोणी तें हंसण्यावारी नेतो त्यानें वाडी कधीं शिंपली नसावी, असें खुशाल समजावें.

परंतु जमेची बाजू आपण बहुधा लिहीतच नाहीं, कारण ती आपल्या डोळ्यांसमोर जमा होत नाहीं. बुलबुल फळ खातो तें दिसतें. पिलांस भरविण्यासाठीं तो व त्याची मादी दिवसभर अळ्या व किडे वेंचीत असतात तें दिसत नाहीं. कोतवाल उडते किडे हवेंतच टिपतो. शिवाय तो कावळ्याला व घारीला आपल्या झाडाजवळ फिरकूं देत नाहीं, म्हणून लहान पक्षी त्याच्या शेजारीं घरटें बांधतात. त्याचें कोतवाल हें नांव आपल्या पूर्वजांनीं उगाच ठेविलें नाहीं. शेणखताचा खड्डा उपसतांना साळुंक्या व बगळे कां जमतात याचा विचार करा. माडाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या त्या खड्ड्यांतच वाढतात. उंदरांचा समाचार धामण व घुबड हे दोघे घेतात. एक दिवसा व दुसरें रात्रीं. लहान जातीचीं किडेखाऊ वाघळें रात्रभर डांस व पतंग खातात. मोठीं फळखाऊ वाघळें उंबर, वड व जांभूळ यांचें बीं दूर दूर नेऊन टाकितात. हीं सर्व कामें आपण मजूर लावून करूं म्हटलें, तर वाडीचें उत्पन्न मजुरीस पुरणार नाहीं.

ही जमेची बाजू न पाहतां वांटेकऱ्यास हांकून दिलें म्हणजे काय होतें, याचें उदाहरण गेल्या शतकांतच घडून गेलें आहे. १९५८ सालीं चीन देशांत उंदीर, माशा, डांस आणि चिमण्या या चौघांचा नायनाट करण्याची मोहीम निघाली. चिमणी धान्य खाते एवढाच तिचा गुन्हा. लोकांनीं थाळ्या व ढोल बडवून चिमण्यांस कोठें बसूंच दिलें नाहीं. त्या उडून उडून थकल्या व मरून पडल्या. घरटीं मोडलीं, अंडीं फोडलीं. मग पिकांवर कीड माजली. त्या वर्षांतील भयंकर दुष्काळाचीं कारणें अनेक होतीं, परंतु ही कीडहि त्यांपैकीं एक मानली जाते. शेवटीं १९६० सालीं चिमणीचें नांव यादींतून काढून तेथें ढेंकणाचें नांव घालण्यांत आलें. हिशेबाची चूक दुरुस्त झाली खरी. पण ती करावयास किती चिमण्या व किती माणसें खर्चीं पडलीं!

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतील आहे. गिधाडें आपल्या लहानपणीं गांवोगांव दिसत. १९९० नंतरच्या थोड्याच वर्षांत त्यांच्या मुख्य जाती शंभरांतून नव्वदांहून अधिक नाहींशा झाल्या. त्यांस कोणीं बंदुकीनें मारलें नव्हतें. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नांवाचें औषध देत असत. तें पोटांत असलेलें जनावर मेलें व गिधाडानें खाल्लें, तर गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होत. कारण उमगलें तें २००४ च्या सुमारास, आणि २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधावर आपल्याकडे बंदी आली. यांत कोणाचाहि हेतु वाईट नव्हता. आपण उंदरांसाठीं विषाच्या वड्या ठेवितों तेव्हांहि असेंच घडतें. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाहीं. तो झिंगत बाहेर फिरतो, आणि त्यालाच घुबड उचलतें. ज्या शिपायानें चोर पकडावयाचा, त्याच्याच ताटांत आपण विष वाढितों.

आमच्या धर्मशास्त्रांत या बाबतींत एक लहानसा नियम आहे, त्याकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं. अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायांत घरट्याविषयींची आज्ञा आहे. वाटेंत घरटें आढळलें व पक्षीण पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर तिला पिलांसह धरूं नये, तिला जाऊं द्यावें, असा तिचा आशय आहे. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायांत सातव्या वर्षीं जमीन पडीक ठेवावयास सांगितली आहे. तिच्यावर उगवेल तें गरिबांनीं खावें व उरेल तें रानांतील जनावरांनीं खावें, असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे त्यांचा वांटा ही कोणा हळव्या मनुष्याची कल्पना नव्हे. शेतकऱ्यांच्या समाजाला दिलेला तो कायदाच होता. आपल्या देशाच्या कायद्यानेंहि तीच वाट धरिली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत फळखाऊ वाघळें व कावळे यांस उपद्रवी ठरवून वेगळ्या यादींत घातलें होतें. २०२२ च्या दुरुस्तीनें ती यादीच काढून टाकण्यांत आली. पोपटाला पिंजऱ्यांत कोंडणें हा तर या कायद्यान्वयें गुन्हा आहे, हें ज्यांच्या ओटीवर पिंजरे टांगलेले आम्हीं पाहिले आहेत त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

हें सर्व ऐकून कोणी विचारील, "मग आमचे पेरू कोणीं राखावयाचे?" प्रश्न रास्त आहे. आम्ही आमच्या निवासामागील वाडींत जें करितों तें सांगतों. पेरू व सीताफळ हाताशीं येईल तेथपर्यंत कापडी पिशव्यांनीं बांधितों, आणि शेंड्यावरील फळें तशींच सोडितों. तो त्यांचा वांटा. चिकू झाडावर पिकूं न देतां वेळेवर उतरवून घरांत पिकवितों. केळीचा घड भरला कीं कापून आणितों. बारीक नायलॉनचें जाळें झाडावर टाकीत नाहीं, कारण त्यांत वाघूळ व घुबड गुरफटून तडफडत मरतात. फळांची राखण पिशवीनेंहि होते. पतंगाच्या नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं बंदी घातली आहे, तरी संक्रांतीनंतर आमच्या माडांच्या झावळ्यांत तो अडकलेला सांपडतो. मुलांनीं तो काढून जाळून न टाकितां गुंडाळून नीट कचऱ्यांत द्यावा.

उंदीर पकडण्यास पिंजरा लावितों, विष ठेवीत नाहीं. झाडांच्या फांद्या मे महिन्यांत सरसकट छाटूं नयेत. त्या वेळीं कित्येक पक्ष्यांचीं घरटीं असतात, आणि बगळे व वंचक तर ऐन पावसाळ्यांत पिलें वाढवितात. छाटणी शक्यतों हिंवाळ्यांत करावी. पावसाआधीं एखादी धोक्याची फांदी काढावीच लागली, तर प्रथम वर नीट पाहून घ्यावें. घराला धोका नसेल तेथें एखादी वाळकी फांदी मुद्दाम ठेवावी, कारण तांबट आपलें घर अशाच फांदींत कोरून काढितो. पक्ष्यांसाठीं पाण्याचें पसरट मातीचें भांडें ठेवावें, परंतु तें रोज घांसून भरावें. आणि मांजर पाळणाऱ्या भगिनींस एक विनंती. पिलें घरट्यांतून नुकतीं बाहेर पडतात त्या दिवसांत मांजरास सकाळीं व संध्याकाळीं घरांत ठेवावें.

वाघळांविषयीं आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. २०१८ सालीं केरळांतील कोझिकोड भागांत निपा नांवाच्या रोगानें माणसें दगावलीं, तेव्हांपासून पुष्कळांच्या मनांत भय शिरलें आहे. हा विषाणु फळखाऊ वाघळांत असतो हें खरें. म्हणून अर्धवट कुरतडलेलें फळ कोणीं खाऊं नये, मुलांस देऊं नये, पडलेलें फळ धुतल्यावांचून तोंडांत घालूं नये. परंतु झाडावरील वाघळांस जाळून अथवा झाड तोडून हें भय जात नाहीं. हुसकलेलीं वाघळें दुसऱ्याच्या दारांत जातात. शिवाय मोठ्या वाघळाच्या मादीला वर्षांतून बहुधा एकच पिलूं होतें. म्हणून एकदां मोडलेली त्यांची वस्ती लवकर भरून येत नाहीं.

सापांविषयीं आमचें सांगणें असें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे आपल्याकडील चार मुख्य विषारी साप. धामण विषारी नाहीं, आणि तिच्यासारखा उंदरांचा वैरी दुसरा नाहीं; तरी दरवर्षीं लाठीखालीं सर्वांत अधिक तीच येते. लांकडांचा ढीग, विटांचा ढीग व नारळाच्या सोडणांचा ढीग घराच्या भिंतीला लागून रचूं नये. ढीग तेथें उंदीर, आणि उंदीर तेथें साप. रात्रीं वाडींत जातांना हातांत विजेरी व पायांत जोडा असावा. साप घरांत शिरल्यास त्याला डिंवचूं नये. सर्पमित्रास अथवा वनखात्यास कळवावें. आणि दैवयोगानें दंश झालाच, तर जागा कापूं नये, चोखूं नये, दोरीनें घट्ट आंवळूं नये, मांत्रिकाकडे वेळ घालवूं नये. तो अवयव हलूं न देतां रोग्यास तडक रुग्णालयांत न्यावें. प्रतिविष तेथेंच मिळतें, आणि त्याच्यावांचून दुसरा उतारा नाहीं.

आतां शेवटीं बावखलाकडे वळूं, कारण वरील सर्व वस्तीचा पाया तेंच आहे. आपल्या वसईच्या पट्ट्यांत पूर्वजांनीं वाड्यांच्या मधोमध हीं बावखलें खणून ठेविलीं. पावसाचें पाणी त्यांत सांचतें, सावकाश जमिनींत मुरतें व भोंवतालच्या विहिरींस पोंचतें. समुद्र इतका जवळ असून आपण गोड पाणी पितों तें यामुळेंच. जमिनीखालीं गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. वरून भर थांबली व पंपानें उपसा वाढला, कीं खारें पाणी वर सरकतें. कित्येक ठिकाणीं मे महिन्यांत विहिरी मचूळ होतात. आमच्या निवासाच्या विहिरीचें पाणी अद्याप गोड आहे, आणि उन्हाळ्यांत शेजारचीं पांच घरें तें नेतात. ती विहीर त्या बावखलापासून वीस पावलांवर आहे. २०१८ च्या जुलै महिन्यांत वसई-विरार भाग पाण्याखालीं गेला, गाड्या बंद पडल्या, वीज गेली, हें आपण विसरलों नाहीं. पाणी सांचावयाची जागा आपण बुजविली, तर तें आपल्या ओसरीवर येऊन सांचतें.

बावखलामुळें डांस होतात असें म्हणतात. डेंग्यूचा डांस अंडीं घालतो तीं मुख्यतः घरालगतच्या लहानसहान सांठ्यांत; पिंप, कुंडीखालची बशी, जुना टायर, नारळाची करवंटी यांत. ज्या बावखलांत मासे, बेडूक व चतुर नांदतात, तेथें डांसाच्या अळ्या फार दिवस जगत नाहींत. डांसांची शेती होते ती कचरा टाकून मारलेल्या बावखलांत. अशा बावखलाला उपाय म्हणजे कचरा काढणें. मातीनें भरणें नव्हे.

त्याच बावखलावर झुकलेल्या माडाला सुगरणींचीं घरटीं लोंबतात. डॉक्टर सालीम अली यांनीं १९३० सालीं अलिबागेजवळील किहीम येथें याच पक्ष्याचा अभ्यास केला. त्यांस असें आढळलें कीं, नर अर्धें घरटें विणून ठेवितो, माद्या येऊन तें पारखतात, आणि एखादीस पसंत पडलें तरच तो तें पुरें करितो. मग तो दुसरें घरटें विणावयास घेतो. पाण्यावरील फांदी सुगरण निवडते, कारण तेथें शत्रूस सहज पोंचतां येत नाहीं. खालचें पाणी नाहींसें झालें तर वरचा माड उभा राहूनहि तिच्या दृष्टीनें तो पडलाच.

समितीच्या सभासदांस आमची एवढीच विनंती आहे. मोटारींची अडचण खरी आहे. ती आम्ही नाकारीत नाहीं. परंतु रविवारीं व सणाच्या दिवशीं शाळेचें पटांगण रिकामें असतें, तेथें त्या उभ्या राहूं शकतील. आणि जवळच्या वाड्यांतील निरोगी मंडळी पायीं आली तरी देऊळ दूर नाहीं. निर्णय आपण घ्यावयाचा आहे. तो घेण्यापूर्वीं येत्या रविवारीं पहिल्या मिस्सेच्या एक तास आधीं आपण सर्वांनीं बावखलाच्या कांठीं यावें. भाषण होणार नाहीं. कागद व पेन्सिल मात्र आणावी. त्या तासांत जे जे वांटेकरी पाण्यावर येतील त्यांची नोंद करावी, विहिरीचें पाणी चाखून पाहावें, आणि ती यादी सभेंत वाचून मगच मत द्यावें. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं हें देऊळ बांधलें त्यांनीं बावखलाला हात लाविला नव्हता, एवढें आम्हांस जुन्या नकाशावरून दिसतें. शंभराव्या वर्षीं जे येथें जमतील त्यांनाहि तें नकाशावर नव्हे, तर जागेवर दिसावें.

 परमेश्वर आपल्या घरांस, आपल्या वाड्यांस व त्यांतील सर्व वांटेकऱ्यांस सुखी ठेवो.